नऊ आणि बारा

कर्नाटकात शेतजमिनीच्या उताऱ्याला पहणी म्हणतात. कचेरीत तिचंच नाव आरटीसी. महाराष्ट्रातला सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी, एक मालकी-हक्काचा, दुसरा पिकाचा. पहणीत हे सगळं एकाच कागदावर येतं. तिच्या नवव्या रकान्यात जमीन कोणाच्या मालकीची ते असतं आणि बाराव्यात ती कसतं कोण ते. सरकार शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट पैसे टाकू लागल्यापासून या दोन रकान्यांमधलं अंतर हा कर्नाटकातल्या शेतीचा एक मोठा प्रश्न होऊन बसला आहे. पैसा नवव्या रकान्याकडे बघून निघतो. बाराव्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

बेंगळुरूतल्या मराठी माणसाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. बेळगाव, निपाणी, बिदर, सोलापूर, कोल्हापूर या भागांतून इथे नोकरीला आलेल्या कितीतरी घरांची गावाकडे थोडीफार जमीन अजून आहे. उताऱ्यावर नाव वडिलांचं किंवा आजोबांचं असतं, शेतात औत दुसऱ्याच कोणाचं चालतं, आणि सुगी झाली की अर्धेलीची दोन-चार पोती नाहीतर खंडाचे काही हजार रुपये घरी येतात. अशा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर दर चार महिन्यांनी दोन हजार रुपये जमा झाल्याचा संदेशही येतो. त्या हंगामात बियाणं ज्याने उधारीवर उचललं, त्याचा मोबाइल गप्पच असतो.

हा संदेश प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि २४ फेब्रुवारीला गोरखपूरहून पहिला हप्ता निघाला. हिशोब तर मागे जाऊन १ डिसेंबर २०१८ पासून धरला होता. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हे वेगळं सांगायला नको. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती असलेली योजना निवडणुकीनंतर सगळ्या जमीनधारक कुटुंबांना खुली झाली. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. प्राप्तिकर भरणारे, महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, आमदार-खासदार, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील यांना वगळलं. जमीन नावावर कधीपासून असावी, याची तारीखही ठरली: १ फेब्रुवारी २०१९. वारसा सोडला तर त्यानंतर जमीनधारक झालेल्याला हप्ता नाही.

कर्नाटकात येडियुरप्पा जुलै २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी या सहा हजारांत राज्याचे चार हजार घालायची घोषणा केली. २०२३ मध्ये सरकार बदललं आणि ही भर थांबली. त्याच वर्षी महाराष्ट्राने नमो शेतकरी महासन्मान निधीच्या नावाने आपले सहा हजार घालायला सुरुवात केली. म्हणजे सीमेच्या अलीकडचा निपाणीचा शेतकरी दहावरून सहावर आला आणि पलीकडचा कागलचा सहावरून बारावर गेला. दोघांच्या शेतात ऊस तोच, पाऊसही तोच.

सहा हजार म्हणजे किती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. सन्मान निधी महिन्याला पाचशे, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. तरी त्याला हिणवू नये. मृगाच्या तोंडावर हातात आलेल्या दोन हजारांत नाचणीचं बियाणं आणि खताची एखाद-दुसरी गोणी बसते, आणि दुकानदाराची उधारी तेवढी कमी होते. पण ही गोष्ट खरी ठरते ती पैसा पेरणाऱ्याच्या हातात आला तर.

तो कोणाच्या हातात जातो हे समजायला आधी बेंगळुरूचाच एक मोठा उद्योग पाहिला पाहिजे. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकाने भूमी प्रकल्पातून राज्यभरातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढवले. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. त्याआधी उतारा हाती लिहिला जाई, आणि लिहिणाऱ्या ग्रामलेखापालाच्या मर्जीवर सगळं असे. भूमीने तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत छापील उतारा दिला. जगभर कौतुक झालं. त्याच वेळी सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बेंगळुरूच्या आसपास अभ्यास करून एक नकोशी गोष्ट मांडली: नोंदी एका जागी, स्पष्ट आणि सहज मिळू लागल्या, त्याचा खरा फायदा जमिनीच्या मोठ्या खरेदीदारांना झाला. लहान माणसाचे गावपातळीवरचे तोंडी, अर्धेकच्चे हक्क या नोंदीत आलेच नाहीत.

या भूमीच्या पायावर पुढे फ्रूट्स नावाची शेतकरी नोंदणी उभी राहिली. नाव आधारवरून, जमीन भूमीवरून, खातं बँकेकडून, आणि या सगळ्याला एक क्रमांक. त्याला गावात एफआयडी म्हणतात. सन्मान निधी, दुष्काळाची भरपाई, हमीभावाने नाचणी खरेदी, ठिबकचं अनुदान, सगळ्या दारांवर आता हा क्रमांक विचारतात. यंत्रणा म्हणून ही चांगली आहे, हे आधी मान्य करायला हवं. सरकारने पाठवलेल्या रुपयातले पंधराच पैसे खाली पोहोचतात, असं राजीव गांधी ऐंशीच्या दशकात म्हणाले होते. आज रुपया निघतो आणि रुपयाच पोहोचतो. मधले हात गळाले. पोहोचतो तो मात्र रकाना नऊमध्ये.

दोड्डबळ्ळापूर तालुक्यातली एक बाई डोळ्यांसमोर आणावी. ती कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. दोन एकर कोरडवाहू जमीन तिच्या घराने वारावर घेतली आहे. कानडी मुलखात वार म्हणजे आपली अर्धेली. मालक राजाजीनगरात राहतो. जून-जुलैत ती नाचणी पेरते, नोव्हेंबर-डिसेंबरात कापते. सन्मान निधीचा हप्ता मालकाच्या खात्यात जातो, कारण पहणी त्याच्या नावावर आहे. पाऊस दगा देतो आणि तालुका दुष्काळी जाहीर होतो, तेव्हा आपत्ती निधीच्या नियमाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये ठरतात. दोन एकरांचे सात हजारांच्या आतबाहेर. तेही पहणीवरच्याच नावाने. पीक चांगलं आलं तर २०२४-२५ चा नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये होता, पण खरेदी केंद्रावर एफआयडी लागतो, म्हणून पोती मालकाच्या नावाने मापली जातात आणि रक्कम त्याच्याच खात्यात पडते. मालक भला असला तर पैसे हातावर ठेवतो. बँकेचं पीककर्ज पहणीशिवाय नाही, म्हणून जूनमध्ये तिचं मंगळसूत्र गहाण पडतं. नुकसान तिचं आणि भरपाई त्याची. यात कोणी कायदा मोडला, असं म्हणता येणार नाही.

उलट कायद्याच्या नजरेत ही बाई शेतात नाहीच.

याचं मूळ १९७४ मध्ये आहे. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यात अशी दुरुस्ती केली की १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारात जमा झाल्या आणि कुळांनी अर्ज करून त्या आपल्या नावावर करून घ्यायच्या होत्या. अर्जाचा नमुना सात क्रमांकाचा. मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. सुमारे आठ लाख अर्ज आले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मंजूर झाले. दक्षिण कन्नडमध्ये तर या कायद्याने अख्ख्या समाजाची घडी बदलली. महाराष्ट्राने १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन धरून कुळांना जमिनी दिल्या, त्याच वाटेवरचं हे पाऊल, काही बाबतींत पुढचं. कारण कर्नाटकाने पुढची कूळवहिवाटच बंद केली. कलम ५ प्रमाणे, सैनिकांसारखे मोजके अपवाद सोडले, तर शेतजमीन भाडेपट्ट्याने देताच येत नाही.

कायद्याने बंद झालेली गोष्ट गावात सुरूच राहिली, फक्त तोंडी झाली. जमीन वारावर देणारे देतात, गुत्त्याने देणारे देतात, पण बाराव्या रकान्यात कसणाऱ्याचं नाव चढू देत नाहीत. एका माणसाकडे एकच तुकडा दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. १९७४ ला ज्यांच्या आजोबांची जमीन गेली, त्यांना ही सावधगिरी शिकवावी लागत नाही. बेंगळुरूच्या भोवती तर तिला आणखी एक कारण आहे. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ विमानतळ सुरू झाला आणि एकराची किंमत कोटींच्या भाषेत गेली. चन्नरायपट्टण होबळीतल्या (होबळी म्हणजे तालुक्याचा पोटविभाग) १,७७७ एकरांच्या संपादनाविरुद्ध तिथले शेतकरी तीन वर्षांहून जास्त काळ धरणं धरून बसले आणि १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ते संपादन सोडून देत असल्याचं जाहीर केलं. इतक्या मोलाच्या जमिनीच्या कागदावर परक्या माणसाचं नाव कोण येऊ देईल?

पहणीबाहेरचा शेतकरी फक्त वाराचा नाही. कर्नाटकात बगर हुकूम नावाचा एक मोठा वर्ग आहे: सरकारी पडीक जमीन वर्षानुवर्षं कसणारे, पण पट्टा नसलेले. त्यांच्यासाठी सरकारने वेळोवेळी अर्ज मागवले. नमुना ५० नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला, नमुना ५३ त्याच्या अखेरीला, नमुना ५७ अलीकडे २०१८ मध्ये. नमुने बदलले, अर्जदारांचे मुलगे अर्जदार झाले. शिवाय ज्यांची पहणी आहे, पण मेलेल्या माणसाच्या नावाने, असेही लाखो उतारे राज्यात आहेत. वारस लावण्याला इथे पौती खातं करणं म्हणतात. चार भावांत वाटणी झालेली नसते, बहिणींच्या सह्या मिळत नाहीत, आणि आजोबा कागदावर हयात राहतात. त्यांचं आधार कार्ड तर निघू शकत नाही. म्हणून त्या जमिनीचा हप्ताही नाही.

बायकांचा प्रश्न याच गाठीत अडकला आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांच्या नावाने होती. नाचणीची निंदणी, कापणी, मळणी कोण करतं हे पाहायला दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याने गाडी थोडी हळू चालवली तरी पुरे.

हे सगळं भारतातल्या कारभाराचं वैगुण्य म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेने १९३३ मध्ये शेतीमालाचे कोसळलेले भाव सावरायला कायदा केला. कापूस कमी पिकवा, त्याचे पैसे सरकार देईल. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला. दक्षिणेत कापूस पिकवत होते ते अर्धेलीवर राबणारे काळे-गोरे शेतकरी, आणि करार होते मळेवाल्यांशी. पैसा मळेवाल्यांकडे गेला. त्यातला वाटा त्यांनी खाली द्यावा अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी तो दिला नाही. शिवाय जमीन कमी पेरायची म्हटल्यावर इतकी कुटुंबं ठेवायची कशाला, म्हणून त्यांना हाकलूनही दिलं. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सात टायरोन्झा गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे जमले आणि त्यांनी कुळांची संघटना काढली. वॉशिंग्टनच्या शेती खात्यातले जेरोम फ्रँक आणि त्यांचे तरुण वकील, मळेवाल्यांनी आहेत तीच कुळं ठेवली पाहिजेत, असा कराराचा अर्थ लावत होते. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नोकरीवरून काढण्यात आलं. टायरोन्झाची हकीकत वाचताना तालुक्याच्या कचेरीतली गर्दी आठवत नसेल, तर वाचणारा कधी त्या कचेरीत गेलेला नसावा.

मोजणीचं राजकारण वरच्या पायरीवरही चालतं. २०२३ मध्ये कर्नाटकात मान्सून फसला. २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. राज्याने केंद्राकडे १८,१७१ कोटी रुपये मागितले. महिने गेले. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने शेतकऱ्यांना तात्पुरते म्हणून दोन हजारांपर्यंत वाटले, आणि मार्चमध्ये सरळ सर्वोच्च न्यायालय गाठलं. एप्रिलच्या अखेरीला केंद्राचे ३,४५४ कोटी आले. या ओढाताणीत एक मुद्दा फारसा बोलला गेला नाही. लहान शेतकरी किती, हे ठरवायला केंद्र २०१५-१६ च्या गणनेचे आकडे धरत होतं. राज्याचं म्हणणं होतं की फ्रूट्सची नोंद ताजी आहे, ती धरा. राज्याचं म्हणणं रास्त होतं. पण ज्या फ्रूट्समध्ये आपल्याच राज्यातला वाराचा शेतकरी नाही, तिला पूर्ण चित्र समजून दिल्लीशी भांडताना कोणाला अवघडल्यासारखं झालं नाही.

चुकीच्या माणसाला गेलेल्या पैशाचा गवगवा मात्र खूप होतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांना सन्मान निधीचे सुमारे २,९९२ कोटी रुपये गेले. त्यांत प्राप्तिकर भरणारेही होते. वसुली सुरू झाली, ई-केवायसी आली, जमिनीच्या नोंदीशी जुळणी सक्तीची झाली, आणि लाभार्थ्यांचा आकडा दहा कोटींच्या वरून नऊ कोटींच्या खाली आला. गाळण बारीक झाली हे खरं. पण ती एकाच बाजूने गाळते. जो नको तो आत आला का, हे ती बघते. जो हवा तो बाहेर राहिला का, हे विचारायचं तिला कोणी शिकवलेलं नाही. संसदेत बाहेर राहिलेल्यांचा आकडा कोणी मागितला तर तो द्यायला वहीच नाही.

आता त्याच बाईकडे परत जाऊ, कारण तिच्या घरी दोन गाई आहेत.

सकाळ-संध्याकाळ ती गावातल्या डेअरीवर दूध घालते. डेअरी म्हणजे दूध उत्पादक सहकारी संस्था. तिथून दूध बेंगळुरूच्या दूध संघाकडे जातं आणि नंदिनीच्या निळ्या पाकिटातून मल्लेश्वरमच्या दारात येतं. राज्य सरकार संस्थेत घातलेल्या दुधावर लिटरमागे प्रोत्साहन धन देतं. २००८ मध्ये दोन रुपयांनी सुरू झालेलं हे अनुदान वाढत पाच रुपयांवर आलं. दोन गाईंचं रोज सरासरी आठ लिटर दूध धरलं, तर वर्षाचे १४,६०० रुपये होतात. सन्मान निधीच्या दुपटीहून जास्त, आणि तिच्या स्वतःच्या खात्यात. कारण डेअरीच्या वहीत जमिनीचा रकानाच नाही. किती दूध घातलं आणि त्यात फॅट किती, एवढंच ती वही विचारते. मालक राजाजीनगरात असो की देवनहळ्ळीत, दूध काढतो त्याच्या नावावर ते चढतं. हे पैसे महिनोन्महिने थकतात, अशी ओरड नेहमी असते, आणि ती खरी आहे. तरीही कर्नाटकातल्या शेतीच्या सगळ्या सरकारी पैशांत हा पैसा सर्वांत सरळ चालीचा आहे.

खताचंही काहीसं तसंच. २०१८ पासून दुकानातल्या यंत्रावर आधारचा अंगठा लावला की युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते. उरलेली किंमत सरकार कंपनीला देतं. पहणी लागत नाही. केंद्राचा खतांवरचा हा खर्च सन्मान निधीच्या जवळजवळ तिप्पट आहे. अर्थतज्ज्ञांना वस्तूवरचं अनुदान आवडत नाही. नासाडी होते, युरिया भलतीकडे वळतो, जमिनीचा कस जातो, हे त्यांचे सगळे मुद्दे बरोबर आहेत. म्हणून ते म्हणतात, रोख द्या. पण रोख द्यायची तर नाव लागतं, आणि नाव आजच्या घडीला फक्त रकाना नऊमध्ये आहे. उद्या खताचं अनुदान बंद करून तेवढीच रक्कम जमीनधारकांच्या खात्यात टाकली, तर कागदावर बचत दिसेल आणि वाराच्या शेतकऱ्याची गोणी एका रात्रीत कितीतरी पटींनी महाग होईल.

वस्तूचं अनुदान आपोआप न्यायी असतं, असंही नाही. त्याचा पुरावा पंपाची वीज. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात वीज फुकट आहे आणि त्यापोटी सरकार वीज कंपन्यांना दरवर्षी हजारो कोटी देतं. कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बेंगळुरू ग्रामीण भागांत कूपनलिका हजार फुटांच्या खाली गेल्या आहेत. तेवढं खोल जायची ऐपत ज्याची, त्याच्या विजेचं बिल सरकार भरतं. दोन एकर कोरडवाहू पेरणाऱ्याला त्यातला एक युनिटही नाही. २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं रद्द झाली, म्हणजे शेतकरी नसलेल्याला आणि शेतीबाहेरचं उत्पन्न पंचवीस लाखांपेक्षा जास्त असलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मोकळीक मिळाली. तेव्हापासून कनकपुरा रस्त्याला शनिवार-रविवारची शेती वाढली. सन्मान निधी प्राप्तिकराची चौकशी करतो. पंपाला ती करता येत नाही.

शेतकऱ्याला सरकारने पैसे द्यावेत ही कल्पना काही २०१९ ची नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचं ठाणं असलेल्या या शहरात एका जुन्या पत्राची आठवण काढणं वावगं ठरू नये. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं पत्र मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत आणि कोणाजवळ माणूसबळ किती, बैल किती, ते पाहावं. कष्ट करायची ताकद आहे पण बैल नाही, पोटाला दाणा नाही, अशाला बैलांसाठी रोख पैसे आणि खायला धान्य द्यावं, आणि ते व्याज न लावता, झेपेल तसं, मुद्दलापुरतंच परत घ्यावं. या कामी दोन लाख लारी (त्या काळचं नाणं) खर्च झाल्या तरी चालतील, असंही त्यात आहे. हेतू अर्थात महसुलाचा होता. पडीक जमीन लागवडीला आली की सारा वाढतो. पण मदत कोणाला द्यायची याची कसोटी त्या पत्रात जमिनीच्या कागदाची नाही. औत धरायला हात आहेत का, हे आधी पाहायला सांगितलं आहे.

आजच्या काळात ही कसोटी लावून पाहिलेली राज्यं आहेत. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस कालिया योजना काढली, तेव्हा तीत भूमिहीन कुटुंबांनाही शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या अशा कामांसाठी १२,५०० रुपये ठेवले. तेलंगणाने त्याच वर्षी रयतू बंधूमध्ये एकरी चार हजार, पुढे पाच हजार, दर हंगामाला दिले. पण ते निव्वळ मालकाला. वरची मर्यादाही नसल्याने पन्नास एकरवाल्याला वर्षाला पाच लाखांपर्यंत जात, आणि त्याचं कूळ कोरडं राही. आंध्रने २०१९ मध्ये पीक लागवडदारांच्या हक्कांचा कायदा केला: मालक आणि कसणारा यांनी अकरा महिन्यांचा करार करायचा, त्यावर कसणाऱ्याला कार्ड मिळतं, आणि त्या कार्डावर कर्ज, विमा, भरपाई. मालकाच्या मालकीला त्याने धक्का लागत नाही. नीती आयोगासाठी टी. हक यांच्या समितीने २०१६ मध्ये केलेला नमुना कायदा याच धर्तीवर होता. आंध्रच्या कायद्याची दुखरी बाजू म्हणजे मालकाची सही. ती मिळवताना कूळ पुन्हा मालकाच्याच दारात उभं राहतं.

भाडेपट्ट्याला कायद्याची वाट दिली की उद्या कंपन्या हजारो एकर घेऊन बसतील, ही डाव्या शेतकरी संघटनांची भीती खोटी नाही. १९७४ च्या कायद्याने जे कमावलं ते अशाने निसटू नये, असं त्यांना वाटतं. पण त्यावर उपाय निघू शकतो. कोण किती जमीन पट्ट्याने घेऊ शकतो याला मर्यादा घालता येते, पट्टा फक्त गावातल्या किंवा शेजारगावच्या माणसालाच, असं लिहिता येतं. उपाय नाही तो आजच्या स्थितीला, जिथे कसणाऱ्याला कायद्याचं संरक्षण द्यायच्या नावाखाली त्याला कायद्यातून पुसून टाकलं आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने देशातल्या वहितीच्या जमिनीपैकी सुमारे १३ टक्के क्षेत्र पट्ट्यावर असल्याचं नोंदवलं आहे. ज्या राज्यांत पट्टा बेकायदा, तिथे पाहणीला आलेल्या माणसासमोर ते कबूल कोण करणार, हा वेगळा प्रश्न.

तंत्रज्ञानाची अडचण तर मुळीच नाही. कर्नाटकात प्रत्येक हंगामात गावातली मुलं मोबाइल घेऊन सर्व्हे नंबरवार पीक पाहणी करतात, प्लॉटवर उभं राहून फोटो काढतात. शेतात कोण राबतंय हे त्यांना विचारावं लागत नाही. ती त्याच गावची असतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पीक नोंदवतो. नाव टिपायला एक रकाना लागतो, आणि पहणीत तो अर्ध्या शतकापासून आहे. बाराव्या रकान्यातल्या नावाने मालकी हक्क निर्माण होणार नाही, फक्त त्या हंगामाची भरपाई, हमीभाव आणि कर्ज मिळेल, एवढं एक वाक्य कायद्यात हवं.

बेंगळुरूत घर भाड्याने देणारा प्रत्येक जण हेच तर करतो. जयनगरातला दोन खोल्यांचा मजला अकरा महिन्यांच्या करारावर जातो, भाडेकरूच्या हातात कागद असतो, त्यावर त्याला गॅसची जोडणी मिळते, पत्त्याचा पुरावा मिळतो, आणि मालकाला झोप लागते. त्याच मालकाला दोड्डबळ्ळापूरच्या दोन एकरांसाठी तसाच कागद करायचा झाला, तर भूसुधारणा कायद्याचं कलम ५ आडवं येतं. २०२० मध्ये याच कायद्यात खरेदीदारांची अडचण दूर करायची होती, तेव्हा जुलैत वटहुकूम निघाला आणि वर्ष संपायच्या आत विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली. कलम ५ ला त्या घाईत कोणी हात लावला नाही.